फोटोखाली कोणाचे नाव?

या पानावर दर आठवड्याला भातावरचा करपा, आंब्यावरचा तुडतुडा, नाहीतर पीकविम्याची शेवटची तारीख वाचायची तुम्हाला सवय. आजचा विषय निराळा आहे. अंगावरच्या कपड्यांचे फोटो, आणि तेही मिरकरवाड्याच्या बंदरावर, मासळीच्या वासात काढलेले. घरी हे सांगितले तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "निवृत्तीला चार वर्षं राहिली, तेवढी तरी नीट काढा." तर आमच्या या बिघडण्याला कारण झाली आमची पुतणी.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी दादाची ही मुलगी शिवणकाम शिकून आली आणि तिने नऊ बायकांचा बचत गट उभा केला. घरोघरच्या ट्रंकांत आजीची, पणजीची सुती लुगडी पडलेली असतात. धुऊन धुऊन मऊ झालेली, टाकवत नाहीत आणि नेसवत नाहीत. त्यांचे दोन थर एकावर एक ठेवून, गोधडीला घालतात तसा जवळजवळ धावदोरा घालून, या बायका बिनबाह्यांची जाकिटे शिवतात. शेतीची आणि घरची कामे सांभाळून एका जाकिटाला सहा-सात दिवस जातात. किंमत चौदाशे रुपये. दोन प्रदर्शनांत बरी विकली गेली. पण प्रदर्शन वर्षातून दोनदा, आणि बायकांचे हात बारा महिने मोकळे. पुण्याच्या एका दुकानदाराने रस दाखवला आणि म्हणाला, "फोटो पाठवा."

फोटो पाठवले. पडवीच्या भिंतीला खिळा, खिळ्याला जाकीट. उत्तर आले, "अंगावर कसं बसतं ते दिसत नाही." शहरात एका स्टुडिओत चौकशी केली, तर कपडे घालून उभी राहणारी मुलगी धरून एका दिवसाचे अठरा हजार. गटाच्या खात्यावर होते बावीस हजार. खरीप तोंडावर, त्यातल्या चार हजारांचे तर दोघींना बियाण्यासाठी कर्ज द्यायचे ठरलेले. म्हणजे स्टुडिओचा विषय तिथेच मिटला.

मग आमच्या आंब्याच्या बागेत प्रयत्न झाला. मैत्रीण झाडाखाली उभी केली. पानांतून उन्हाचे कवडसे पडलेले. डोळ्यांना ते छान वाटतात, फोटोत मात्र जाकिटावर असे पांढरे डाग उठले, की मी नकळत म्हणालो, "फवारणी करायला हवी." पोरगी हसली नाही.

चार दिवसांनी तिचा फोन. "काका, मिरकरवाडा."

दोरा आणि अस्तर आणायला ती रत्नागिरीला जाते. एकदा रत्नदुर्गावर भगवतीच्या दर्शनाला गेली असताना वरून खाली बंदर दिसले. शेकडो होड्या, निळ्या, हिरव्या, केशरी. धक्क्यावर जाळ्यांचे ढीग. तिच्या मनात आले, जाकिटाचा धावदोरा आणि जाळ्याची वीण एका फोटोत आली पाहिजे. दादाला हे कळले तेव्हा तो उखडला. "आजीची लुगडी मासळीच्या चिखलात? आणि पोरीबाळी बंदरावर उभ्या करायच्या?" वहिनी काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी जाकिटे इस्त्री करून पिशवीत भरून ठेवलेली होती.

मला स्वतःला हे खूळच वाटले होते. तेव्हा पुतणीने मोबाईलवर एक जुना फोटो दाखवला आणि त्याची हकिकत सांगितली. ती मी नंतर पुस्तकांतून पडताळून पाहिली, म्हणून तुम्हाला सांगतो.

१९३३ साल. अमेरिकेत हार्पर्स बझार नावाचे बायकांच्या कपड्यांचे मासिक होते, आजही आहे. त्या काळी कपड्यांचे फोटो म्हणजे बंद खोली, विजेचे दिवे आणि पुतळ्यासारखी उभी बाई. कार्मेल स्नो नावाच्या संपादिकेने पोहण्याच्या कपड्यांचे फोटो काढण्यासाठी मार्टिन मुंकाची या माणसाला बोलावले. हा मूळ हंगेरीचा, आयुष्य गेले खेळांचे फोटो काढण्यात, चेंडूमागे धावणारी माणसे टिपण्यात. इंग्रजी त्याला येत नव्हते. त्याने सगळ्यांना न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या समुद्रकिनारी नेले. नोव्हेंबरची थंडी, अंगावर पोहण्याचा पोशाख. हातवारे करून त्याने लुसील ब्रोकॉ या बाईला सांगितले, माझ्याकडे धावत ये. ती धावली, पाठीवरचे वस्त्र वाऱ्यावर फुगले, आणि ते चित्र डिसेंबरच्या अंकात छापले. कपड्यांचे फोटो खोलीतून उघड्यावर आले ते तेव्हापासून, असे जाणकार मानतात. पुढे १९५५ साली रिचर्ड ॲव्हेडन याने पॅरिसमध्ये झग्यातली बाई सर्कशीच्या हत्तींमध्ये उभी केली, आणि १९५६ साली नॉर्मन पार्किन्सन हा ब्रिटिश व्होग मासिकासाठी थेट आपल्या देशात येऊन गेला.

"हत्ती चालतात, तर होडी का नाही?" पुतणी म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हते.

एप्रिलातल्या एका सकाळी आम्ही गेलो. पुतणी, तिची मैत्रीण, मी, आणि ऊन परतवायला एक पांढरी चादर. मिरकरवाडा हे रत्नागिरीतले सर्वांत मोठे मासेमारी बंदर. सकाळची गर्दी तुम्ही पाहिली नसेल तर कल्पना यायची नाही. फेरीवरून आलेल्या होड्या एकीला एक लागून उभ्या. खालून वर मासळीचे टब चढतायत, बर्फ फोडण्याचा खडखडाट, मागे सरकणारे टेम्पो, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, आणि लिलावाचे आवाज. खलाशांत कितीतरी नेपाळी पोरे. डोंगरातून येऊन समुद्रावर राबणारी. खाली जमीन अशी, की पाणी, खवले आणि बर्फ यांचा काला. मैत्रिणीने उंच टाचेच्या चपला घातल्या होत्या. मी कृषी पदवीधर असूनही हे आधी सुचले नाही.

आम्हाला जागा आवडली ती नेमकी जिथे होडीचा दोर टाकतात ती. तिथे मुलगी उभी केली. मी चादर धरली. वारा आला. चादर माझ्या हातातून सुटली आणि लिलावाला मांडलेल्या बांगड्याच्या ढिगावर जाऊन पसरली. बोली थांबली. लोक हसले, कोणी ओरडले, टेम्पोवाल्याने भोंगा धरून ठेवला. चादर काढता काढता पाच-दहा मिनिटे गेली. पाच-दहा मिनिटे म्हणजे काय, हे एप्रिलच्या उन्हात पडलेल्या मासळीला विचारावे. होडीचा तांडेल पुढे आला. शिवी दिली नाही. नुसते म्हणाला, "सायेब, तुमचा फोटो उद्या पन निघंल. माझा म्हावरा उद्या इकला जायचा नाय."

मंडळी, तीस वर्षे मी तुम्हाला सांगत आलो, की दुसऱ्याच्या बांधावरून जाताना विचारून जावे. आणि मी एका माणसाच्या खळ्यात, ऐन झोडणीच्या वेळी, न विचारता चादर पसरली होती. त्यात बंदराची माणसे आधीच कॅमेऱ्याला बिचकलेली. २०२५ च्या जानेवारीत इथल्या तीनशेहून अधिक अनधिकृत बांधकामांवर बुलडोझर फिरला, कोणी काही टिपून घेताना दिसले की पहिला प्रश्न येतो, "कुठून आलात?" आम्ही काही धड सांगू शकलो नाही. त्या दिवशी एकही फोटो कामाचा निघाला नाही. परतीच्या गाडीत पुतणी खिडकीबाहेर बघत बसली.

हाच अनुभव शेतकऱ्याला उलट्या बाजूने येतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. लग्नाआधी जोडप्याचे फोटो काढण्याची पद्धत आता खेड्यापर्यंत आली आहे. हिरवेगार भात दिसले की गाडी थांबते, जोडपे खाचरात उतरते. भात फुलोऱ्यात असते तेव्हा ते सर्वांत देखणे दिसते. आणि नेमके सकाळी दहा-बाराच्या सुमारास, ऊन चढताना, फुले उमलून परागीकरण होत असते. तेव्हाच हे लोक आत शिरतात. आडवी पडलेली लोंबी पळिंज होते, ते त्यांना ठाऊक नसते, आणि आपण पाहुणे म्हणून गप्प बसतो. गप्प बसू नका. बांधावरून काढू द्या, आत नको. कापणी झाल्यावर या म्हणावे, उडवी रचलेली असते, तिच्यासमोर जरीचे लुगडे फार खुलून दिसते. कर्नाटकात गुंडलुपेटच्या वाटेवर सूर्यफुलांच्या शेतात फोटो काढायला शेतकरी पैसे घेतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. वाण आपले, खत आपले, घाम आपला.

आता पुन्हा बंदराकडे. जूनला मासेमारी बंद झाली, पाऊस लागला, लावणी आवरली. जुलैच्या शेवटी पुतणी म्हणाली, "आता जाऊ या. आता त्यांची घाई नसेल." हे तिला सुचले, मला नाही. या वेळी आधी एकटे जाऊन आलो. बंदराच्या कार्यालयात विचारले, तिथून होडीच्या मालकाकडे गेलो, आणि मालकाने पाठवले त्याच तांडेलाकडे! त्याने मला ओळखले. "चादर आनलीव का?" एवढेच म्हणाला आणि हसला.

पावसाळ्यातला मिरकरवाडा वेगळाच. होड्या ओळीने विसावलेल्या, काहींवर ताडपत्री. लिलावाचा ओटा स्वच्छ, रिकामा. शेडखाली माणसे पाय पसरून बसलेली, जाळे मांडीवर, सुई फिरतेय. आभाळ भरलेले होते, पाऊस थांबून थांबून येत होता. मला वाटले, ऊन नाही म्हणजे फेरी फुकट. पण झाले उलटेच. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, पांढरा रंग भगभगतो आणि गडद रंग मरतो. ढग म्हणजे आभाळभर ताणलेला पातळ पडदा. त्यातून उजेड सगळीकडून सारखा येतो. आजीच्या लुगड्याचा तो विटका अंजिरी रंग, धाव्याचा एकेक टाका, जाळ्याचा हिरवा दोरा, सगळे फोटोत जसेच्या तसे उतरले. चेहरा जरा काळवंडत होता, तर एका पोराने मासळीच्या खोक्याचे थर्माकोलचे झाकण आणून दिले. ते छातीच्या उंचीवर धरले की उजेड उडून चेहऱ्यावर येतो. चादरीपेक्षा शंभर पटींनी बरे; वाऱ्यावर उडाले तरी कोणाच्या बांगड्यावर पडत नाही. मोबाईलची काच मात्र दर पाच मिनिटांनी पुसावी लागते, खारट हवेने तिच्यावर धुके बसते. कोणी तिकडे गेलात तर जुने मऊ फडके न्या, आणि रबरी तळव्याच्या चपला.

एवढे सगळे जमून मैत्रीण उभी राहिली ती शाळेच्या दाखल्यावरच्या फोटोसारखी. हात कुठे ठेवावेत कळेना. बाजूला सुकी मासळी घेऊन एक मावशी बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, मुलगा शेडखाली जाळे शिवत होता. त्या बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पोरी, असं उभं कोन ऱ्हातं? काम करनाऱ्या बाईचं जाकीट हाय ना ह्ये? दे हिकडं." त्यांनी ते आपल्या लुगड्यावर चढवले, बटणे न लावता, पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. वळल्या, पाटी एका हाताने सावरली, पोराला काहीतरी ओरडून सांगितले. वर उचललेल्या हाताबरोबर जाकीट कसे सरकते, कमरेला कसे बसते, पाठीला कसे पडते, हे आम्हाला पहिल्यांदा दिसले. पुतणी मागे मागे पळत फोटो काढत होती. मला तो हंगेरीचा माणूस आठवला.

पाटी खाली ठेवून मावशी फोटो बघायला आल्या. "कुटं जानार ह्ये?" पुतणीने सांगितले, पुण्याच्या दुकानात लागतील, खाली लिहितील, हातशिलाईचे जाकीट, चौदाशे रुपये.

"आनि मी?"

पुतणीला कळले नाही. "म्हणजे?"

"जाकिटाचं नाव लिवनार, किंमत लिवनार. मी कोन त्ये लिवनार का न्हाय?"

मावशी हसत बोलल्या, चेष्टाच होती. पण पुतणी गप्प झाली. येताना तिने मला एक प्रकरण सांगितले, ते तिच्या शिकवणीत कधी तरी चर्चेला आले होते. २००८ च्या ऑगस्टमध्ये व्होग मासिकाच्या भारतीय आवृत्तीत सोळा पाने छापली गेली. त्यात गरीब, साधी माणसे होती. पुढचे दात पडलेली एक म्हातारी, तिच्या कडेवरच्या पोराच्या गळ्यात सुमारे शंभर डॉलरचे लाळेरे. अनवाणी माणसाच्या हातात सुमारे दोनशे डॉलरची छत्री. मोटारसायकलवर दाटीने बसलेले कुटुंब, आईच्या हातात दहा हजार डॉलरहून महाग पर्स. खाली लाळेऱ्याचे, छत्रीचे, पर्सचे, सगळ्यांचे नाव छापलेले होते. माणसांचे नव्हते. तिथे फक्त 'बाई', 'माणूस' असे. देशात आणि परदेशात त्यावर बरीच टीका झाली. संपादिकेचे म्हणणे असे की फॅशनकडे इतके गंभीरपणे बघू नये.

त्या पानांतला रंग, उजेड, मांडणी चांगली असेलही. मला राग येतो तो त्या चार अक्षरांचा, जी छापायला शाईसुद्धा लागली नसती. तिकडे १९३३ साली थंडीत धावलेल्या बाईचे नाव नव्वद वर्षांनी मला संगमेश्वरात बसून कळते. आणि वस्तूच्या बाबतीतही आपण हेच पाहिले. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या, कोल्हापूरचे नाव न घेता. खरे तर कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले, तेव्हा कंपनीने भारतीय चपलांवरून ते सुचल्याचे मान्य केले. लिहावे लागले, तेव्हा.

आठ दिवसांनी पुतणी मावशींकडे पुन्हा गेली. त्यांच्या एका दिवसाच्या धंद्याइतके पैसे दिले. फोटो कुठे कुठे लागेल ते एका कागदावर साध्या मराठीत लिहून, वाचून दाखवून, त्यांची सही घेतली आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवली. जाळे शिवणारा मुलगाही एका फोटोत आला होता, त्यालाही विचारले. तो नको म्हणाला. तो फोटो पुसून टाकला. खरे तर फार चांगला होता, मला अजून चुटपुट लागते.

पुण्याच्या दुकानदाराला फोटो पसंत पडले, विशेष करून मावशींचा. पण खाली नाव घालायला तो तयार होईना. "गिऱ्हाईक जाकीट बघतं. नाव वाढवलं की पाटी गिचमिड दिसते." पुतणीने कळवले, तर मग तो फोटो सोडून बाकीचे घ्या. दादाने घर डोक्यावर घेतले. "चौदाशेच्या मालाला मिजास किती!" तीन आठवडे पुण्याहून काही आले नाही. गटातल्या दोघीतिघी कुरकुरू लागल्या, आणि त्यांचेही बरोबर होते. चूल तत्त्वावर पेटत नाही. मीसुद्धा एकदा हळूच म्हणालो, की नुसते 'मिरकरवाड्यातील मावशी' असे घातले तर? पुतणीने माझ्याकडे असे पाहिले, की मी विषय बदलून खोडकिड्यावर नेला.

मग दहा जाकिटांची मागणी आली, बाकीच्या फोटोंवरच. मावशींचा फोटो गटाने आपल्याच खर्चाने पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर छापून घेतला. खाली दोन ओळी. जाकीट कोणी शिवले तिचे नाव, आणि ते घालून कोण चालते आहे तिचे नाव. ही दोन्ही नावे मी इथे देत नाही. त्यांनी परवानगी दिली आहे ती त्या कार्डापुरती, माझ्या सदरापुरती नाही.

नारळी पौर्णिमा झाल्यावर मी कार्यालयीन कामाने रत्नागिरीत होतो. पुतणीने पाच कार्डे दिली होती, मावशींना पोचवायला. बंदर पुन्हा पहिल्यासारखे. बर्फाचा खडखडाट, टेम्पो, बोली. मावशी लिलावाच्या गर्दीत पुढे घुसलेल्या, कोळंबीच्या टबावर हात ठेवून भाव करीत होत्या. मी कडेला, कोणाच्या वाटेत येणार नाही असा उभा राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांचे लक्ष गेले. मी कार्डे पुढे केली.

"पिशवीत ठेव रं," त्या म्हणाल्या, "हात वले हायत." आणि पुन्हा टबाकडे वळल्या.